अणू लेसर : बारसं आधी, परीक्षा नंतर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लेसर हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. दुकानात बारकोड वाचणारी लाल रेघ, डोळ्यांच्या दवाखान्यातलं यंत्र, मिरवणुकीत आकाशात घुमणारे हिरवे झोत, सगळीकडे लेसर आहे. आज मी ज्या लेसरविषयी बोलणार आहे तो मात्र प्रकाशाचा नाही. त्यातून उजेड बाहेर पडत नाही, पदार्थ बाहेर पडतो. सोडियमचे, रुबिडियमचे अणू. नळाची तोटी थोडी सैल राहिली की थेंब खाली पडतात, तसे हे अणू पडतात. त्याला अणू लेसर म्हणतात.

पदार्थविज्ञान शिकवताना हा विषय निघाला की वर्गातून एक शंका हमखास येई. अणूंची धार काढली हे ठीक, पण तिला लेसर का म्हणायचं? धार तर पिचकारीचीही असते. मला ही शंका फार मोलाची वाटते, कारण अणू लेसरचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. या यंत्राचं बारसं आधी झालं आणि त्याची परीक्षा नंतर आठ-नऊ वर्षं चालली. ती परीक्षा कशी झाली, ते आज सांगतो.

आधी लेसर म्हणजे काय ते पाहू. साध्या दिव्यातून प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतात ते आठवडी बाजारातून माणसं बाहेर पडावीत तसे. प्रत्येकाची दिशा वेगळी आणि चालही वेगळी. लेसरमधला प्रकाश दिंडीसारखा असतो. शेकडो टाळ, पण ठेका एक. लाटेच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचे उंचवटे एकाच वेळी येतात आणि खळगेही एकाच वेळी येतात. या गुणाला आपल्या पाठ्यपुस्तकांत कलासंबद्धता असा जड शब्द आहे. आपण 'एका तालात असणं' म्हणू.

पण अणूंना कसला ताल? १९२४ साली पॅरिसमध्ये लुई द ब्रॉय यानं आपल्या प्रबंधात मांडलं की पदार्थाच्या कणालाही लाट असते, आणि कण जितका सावकाश तितकी त्याची लाट लांब. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर वेगानं धावत असतात. त्यांच्या लाटा खुद्द रेणूपेक्षाही आखूड असतात, म्हणून त्या कुणाला जाणवत नाहीत.

त्याच वर्षी, ४ जून १९२४ रोजी, ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी बर्लिनला आइन्स्टाइनना एक पत्र पाठवलं. सोबत छोटा शोधनिबंध होता. त्यातली कल्पना मी ज्वारीच्या दाण्यांवर सांगतो. दोन दाणे आणि दोन वाट्या घ्या. दाणे टाकण्याच्या चार तऱ्हा होतात. दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, आणि याच्या उलट. दोन्ही दाणे एकाच वाटीत सापडण्याची शक्यता चारात दोन, म्हणजे निम्मी. आता समजा, ते दाणे इतके एकसारखे आहेत की पहिला आणि दुसरा हा भेदच निसर्गाला ठाऊक नाही. मग शेवटच्या दोन तऱ्हा एकच होतात. तीनच तऱ्हा उरतात आणि एकत्र सापडण्याची शक्यता तिनात दोन होते. एकाच वाटीत जमण्याकडे त्यांचा कल वाढतो, आणि तोही कोणत्याही आकर्षणाशिवाय, केवळ ओळख पुसली गेल्यामुळे. बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी अशा तऱ्हेनं केली.

आइन्स्टाइननी त्या निबंधाचं स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापवून आणला. मग हीच मोजणी त्यांनी वायूच्या अणूंना लावली आणि १९२५ साली दाखवून दिलं की वायू पुरेसा थंड केला तर अणूंचा मोठा हिस्सा सर्वांत खालच्या ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जमेल. यालाच पुढे बोस-आइन्स्टाइन संघनन असं नाव मिळालं. अणू थंड होत जातात तशा त्यांच्या लाटा लांबत जातात. शेवटी त्या शेजारच्या अणूच्या लाटेत मिसळतात, आणि सगळ्यांची मिळून एकच मोठी लाट होते.

हे भाकीत वायूमध्ये खरं ठरायला सत्तर वर्षं लागली. कारण 'पुरेसा थंड' याचा अर्थ फार कडक आहे. तारका-तारकांमधली पोकळीसुद्धा निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश असते. इथे एका अंशाच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्याही खाली जायचं होतं. शिवाय वायूचा द्रव किंवा बर्फ होऊन चालणार नव्हतं. म्हणून तो हवेपेक्षा लाखपटीनं विरळ ठेवावा लागतो.

हे दोन टप्प्यांत साधलं. पहिला टप्पा लेसरच्या प्रकाशाचा. अणूच्या समोरून येणारा, अचूक रंगाचा प्रकाश त्याला ढकलून मंद करतो. ही युक्ती विकसित केल्याबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं. दुसरा टप्पा आपल्या माठातला आहे. माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्यातले सर्वांत चपळ रेणू उडून जातात, जाताना उष्णता घेऊन जातात, आणि उरलेलं पाणी गार होतं. प्रयोगशाळेत हा माठ चुंबकीय क्षेत्राचा असतो. त्याच्या काठाशी येणारे चपळ अणू रेडिओलहरींनी हुसकून लावतात, आणि माठाचा काठ हळूहळू खाली आणत नेतात.

५ जून १९९५ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन यांना रुबिडियमच्या सुमारे दोन हजार अणूंचं संघनित मिळालं. तापमान होतं निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचे १७० अब्जांश. त्याच वर्षी सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीत, वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या पाच लाख अणूंचं संघनित केलं. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांत असतं तेच हे सोडियम. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

केटर्ले यांच्या यशामागे एक माणूस आहे, त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. केटर्ले एमआयटीत आले ते डेव्हिड प्रिचर्ड यांच्या हाताखाली. काम रंगात आलं तसे केटर्ले यांना इतर विद्यापीठं खुणावू लागली. तेव्हा प्रिचर्ड यांनी आपली सज्ज प्रयोगशाळा या तरुण सहकाऱ्याच्या हाती दिली आणि त्या क्षेत्रातल्या शर्यतीतून स्वतः बाजूला झाले. कॉर्नेल हेसुद्धा प्रिचर्ड यांचेच विद्यार्थी. दोन शिष्यांना नोबेल मिळालं, गुरूचं नाव मात्र त्या यादीत नाही.

आता माठ भरला होता. त्याला तोटी बसवायची होती, आणि ती बसवताना आतल्या लाटेचा ताल मोडू द्यायचा नव्हता. एमआयटीनं यासाठीही रेडिओलहरीच वापरल्या. ज्या जातीच्या लहरींवरून माझा आवाज तुमच्या घरी येतो, त्याच जातीच्या. सोडियमचा अणू हा एक चिमुकला चुंबक असतो. त्याचं तोंड एका दिशेला असेल तर सापळा त्याला धरून ठेवतो, दुसऱ्या दिशेला असेल तर सोडून देतो. रेडिओलहरींचा छोटा ठोका दिला की ते तोंड थोडं कलतं. इथे गंमत अशी की काही अणू निवडून बाहेर काढले जात नाहीत. सगळ्यांची मिळून असलेली ती एक लाटच दुभंगते. थोडी आत राहते आणि थोडी बाहेर येते. बाहेर आलेली गुरुत्वाकर्षणानं खाली पडते. दर पाच सहस्रांश सेकंदाला एक ठोका, आणि दर ठोक्याला एक ते दहा लाख अणूंचा एक थेंब. जानेवारी १९९७ मध्ये ही तोटी जगासमोर आली. त्या छायाचित्रात एकाखाली एक पडणाऱ्या चंद्रकोरी दिसतात.

बारसं झालं. पण लेसर म्हणण्याजोगा पुरावा कुठे होता? तो त्याच आठवड्यात, त्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला. केटर्ले यांच्या गटानं प्रकाशाच्या पातळ पडद्यानं सापळ्याचे दोन भाग केले आणि शेजारी-शेजारी दोन संघनितं तयार केली. मग सापळा बंद केला. दोन्ही ढग पसरत खाली पडू लागले आणि चाळीस सहस्रांश सेकंदांत एकमेकांत मिसळले. तळ्यात दोन खडे टाकले की दोन्हींच्या लाटा कुठे एकमेकींना उचलतात, कुठे मारतात. शाळेत आपण याला व्यतिकरण म्हणतो. इथे अणूंच्या ढगात तसेच पट्टे उमटले. एका पट्ट्यात अणू भरपूर, शेजारी तुरळक, पुन्हा भरपूर. दोन पट्ट्यांमधलं अंतर १५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याच्या आसपास. अणूत अणू मिळवला आणि मधे जागा रिकामी झाली! ही लाटांचीच करणी होती.

मोजणाऱ्याची एक अडचण इथे सांगायला हवी. संघनिताचं छायाचित्र सहसा त्याची सावली टिपून घेतात. त्यासाठी त्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि तेवढ्या प्रकाशाच्या धक्क्यानं ते थंडगार द्रव्य उधळून जातं. पाहिलं की संपलं. पुढच्या छायाचित्रासाठी सगळा स्वयंपाक पहिल्यापासून. त्यामुळे या क्षेत्रातल्या प्रत्येक आलेखामागे शेकडो संघनितांचा बळी असतो, आणि दर वेळी ते अगदी आधीसारखंच तयार करण्याची शिस्त असते.

पट्टे दिसले, तरी शंका पूर्ण फिटली नव्हती. दोन ढग एकदा मिसळले म्हणजे बाहेर पडणारी धार तालात आहे असं होत नाही. आणि थेंब म्हणजे धार नव्हे. १९९९ साली म्युनिकमध्ये इमानुएल ब्लोख, थिओडोर हेन्श आणि टिलमन एसलिंगर यांनी ठोक्यांऐवजी रेडिओलहरी अगदी मंद पण सलग चालू ठेवल्या. त्यासाठी चुंबकीय क्षेत्र कमालीचं स्थिर राखावं लागलं. धार सलग पडली, पण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरती. तेवढ्यात माठ रिता झाला. त्याच वर्षी गेथर्सबर्गला फिलिप्स यांच्या गटानं लेसरकिरणांच्या जोडीनं अणूंना आडवा रेटा देऊन धार हव्या त्या दिशेला काढून दाखवली.

म्युनिकच्या मंडळींनी पुढे या तोटीचंच मोजमापाचं हत्यार केलं. २००० साली त्यांनी दोन वेगळ्या कंपनसंख्यांच्या रेडिओलहरी एकदम सोडल्या. त्यामुळे ढगाच्या दोन वेगळ्या उंचींवरून दोन धारा सुटल्या. या दोघी मिसळल्यावर पट्टे उमटतात का? ढग संघननाच्या तापमानापेक्षा गरम असताना, जागा जरा लांब घेतल्या की पट्टे पुसले जात. तापमान त्या उंबरठ्याच्या खाली आलं, की लांबच्या जागांमधूनही पट्टे स्वच्छ येत. ढगाचं हे टोक आणि ते टोक एकाच तालात होतं. जागेची परीक्षा झाली.

राहिली वेळेची. गवयाचा सूर या क्षणी लागला, पण तो तसाच टिकतो का? २००१ साली त्याच प्रयोगशाळेत अणूंची पडणारी धार एका अदृश्य भिंतीवर आपटवून परत वर पाठवण्यात आली. आता आधी निघालेले अणू वर येत होते आणि नंतर निघालेले खाली जात होते. म्हणजे धारेची आपल्याच भूतकाळाशी गाठ घालून दिली होती. सूर हलला असता, तर पट्टे विस्कटले असते. ते टिकले. तोटी जितका वेळ उघडी होती, तेवढ्या वेळात सूर जितका शुद्ध असणं निसर्गनियमानं शक्य आहे, तितका तो शुद्ध निघाला.

शेवटची परीक्षा सर्वांत कठीण होती, आणि तिचं मूळ ताऱ्यांच्या अभ्यासात आहे. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९१६ साली आपल्याकडे, नीलगिरीतल्या अरुवनकाडूला झाला. १९५६ साली त्यांनी आणि रिचर्ड ट्विस यांनी दाखवलं की साध्या दिव्याच्या किंवा ताऱ्याच्या प्रकाशाचे कण घोळक्यानं येतात. बेस्टच्या बसची वाट पाहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. येत नाही तर येत नाही, आणि मग तीन एकदम. या घोळक्यांवरूनच त्यांनी व्याध ताऱ्याचा व्यास मोजला. अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी आधी यावर विश्वास ठेवायला नकार दिला. पुढे रॉय ग्लाउबर यांनी याचा पुंजसिद्धान्त मांडला आणि त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यातून असा निष्कर्ष निघाला की खऱ्या लेसरमधले कण घोळक्यानं येत नाहीत.

मग ते कसे येतात? विद्यार्थी उत्तर देत की कवायतीसारखे, ठरावीक अंतरानं. तसंही नाही. पहिल्या पावसाचे थेंब पत्र्यावर पडतात ना, तसे. प्रत्येक थेंब स्वतंत्र. एक पडला म्हणून दुसरा लगेच पडेल असं नाही, आणि पडणार नाही असंही नाही. मघाशी मी दिंडी म्हणालो. तिचा ताल लाटेत असतो, कण पोचण्याच्या वेळांत नसतो.

हे अणूंच्या धारेत तपासायचं तर एकेक अणू सुटा मोजायला हवा. २००५ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात एसलिंगर यांच्या गटानं ते केलं. त्यांनी संघनिताच्या खाली समोरासमोर दोन अतिशय गुळगुळीत आरसे बसवले आणि त्यांच्यामध्ये अगदी मंद प्रकाश खेळता ठेवला. एक अणू मधून गेला तरी तो प्रकाश क्षणभर डगमगे आणि नोंद होई. मग त्यांनी नोंदींच्या वेळा पडताळल्या. घोळका असेल तर एका अणूच्या मागोमाग दुसरा येण्याचं प्रमाण एकापेक्षा जास्त भरतं, अगदी गोंधळलेल्या धारेत दोनपर्यंत जातं. अणू लेसरच्या धारेत ते १.०० भरलं, चूकभूल फार तर ०.०१. मग त्याच यंत्रात त्यांनी मुद्दाम गोंधळ मिसळलेली धार सोडली, आणि घोळके लगेच दिसू लागले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ऑर्से इथल्या गटानं हेलियमचे अणू वापरून हाच फरक दाखवला. गरम ढगात घोळके, संघनितात नाहीत. पत्र्यावरचे थेंब मोजले गेले होते, आणि नाव खरं ठरलं होतं.

तरी काही जण या नावावर अजून हरकत घेतात, आणि ती अगदीच पोकळ नाही. प्रकाशाच्या लेसरमध्ये नवे फोटॉन निर्माण होतात. अणू नव्यानं निर्माण करता येत नाहीत. आहेत तेवढेच एका अवस्थेत गोळा करायचे. शिवाय फोटॉन एकमेकांतून निघून जातात, तर अणू एकमेकांना ढकलतात. म्हणून तर त्या थेंबांच्या चंद्रकोरी झाल्या. आणि अणूंना वजन आहे. खाली पडताना त्यांचा वेग वाढतो, लाट आखूड होते, जणू पडता पडता किरणाचा रंगच बदलतो.

पण हे वजन हाच त्यांचा खरा उपयोग आहे. अणूच्या लाटेला गुरुत्वाकर्षण जाणवतं, फिरणं जाणवतं. अशा दोन लाटांची गाठ घालून जमिनीखालच्या घनतेतले फरक किंवा वाहनाचं वळण अतिशय बारकाईनं मोजता येतं. अडचण धारेच्या बारीकपणाची आहे. वर्गात फळ्यावर दाखवायचा साधा लेसर सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके फोटॉन फेकतो. तेजस्वी म्हणून नावाजलेल्या अणू लेसरमधून सेकंदाला काही कोटी अणू निघतात. म्हणून आज अशा मोजमापांत बहुतेक ठिकाणी साधे थंड अणूच वापरले जातात.

दुसरी अडचण अखंडतेची. थंड करणारा प्रकाश संघनिताला मारक असतो, त्यामुळे माठ भरणं आणि तोटी सोडणं आळीपाळीनं करावं लागतं. २००२ साली एमआयटीत एका संघनितात दुसरं ओतून साठा टिकवण्यात आला. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये फ्लोरियान श्रेक यांच्या गटानं स्ट्रॉन्शियमचे अणू एका बाजूनं सतत थंड करत आणले आणि मधोमध संघनित अखंड राखलं. थंड करणारा प्रकाश त्या संघनिताला दिसूच नये अशी सोय त्यांनी आणखी एका लेसरनं केली. म्हणजे कधीही न आटणारा माठ झाला. त्या प्रयोगात त्याला तोटी मात्र नव्हती.

संघनितं आता पृथ्वीबाहेरही तयार झाली आहेत. २०१७ साली स्वीडनमधून सुटलेल्या अग्निबाणात झाली, २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झाली. तिथे अणू लगेच खाली पडून हातचे जात नाहीत. आपल्या पुण्यात पाषाणला आयसर या संस्थेत उमाकांत रापोल यांच्या गटानं रुबिडियमचं संघनित केलं, त्याचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावानं हे द्रव्य ओळखलं जातं ते बोस १९७४ साली वारले. त्यांच्या हयातीत असा एकही ढग कुणी पाहिला नव्हता.

'लेसर का म्हणायचं?' असं कुणी विचारलं की मी या परीक्षांचा हिशेब सांगतो. जागेची झाली, वेळेची झाली, मोजणीची झाली. अखंड धारेची चालू आहे. या प्रत्येक परीक्षेत नापास होण्याची पुरी शक्यता होती. पट्टे विस्कटले असते किंवा त्या १.०० च्या जागी २ आले असते, तर नाव मागे घ्यावं लागलं असतं. विज्ञानात बारसं कुणीही करू शकतं. मुलाला ते नाव शोभतं की नाही हे मात्र दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी एकेक अणू मोजून ठरवलं.